लॅटिन बोलत शिकणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅटिन शिकायची म्हणजे नामं चालवायची, धातूंची रूपं घोकायची आणि शब्दकोश उघडून एकेक वाक्य सोडवत बसायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. ही भाषा ऐकत, बोलत, तिच्यात गप्पा मारतही शिकता येते, आणि जगभर अनेक जण तशी शिकतात. त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. लॅटिन शब्द प्राचीन रोमन उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत.

लॅटिन ही मृत भाषा ना? मग ‘जिवंत लॅटिन’ म्हणजे काय?

आज लॅटिन कोणाचीही मातृभाषा नाही, हे खरं. पण मातृभाषा नसलेली भाषा वापरातूनही गेली असं होत नाही. पश्चिमेतलं रोमन साम्राज्य पाचव्या शतकात कोसळलं. त्यानंतर हजाराहून जास्त वर्षं युरोपातले विद्यार्थी, वकील, वैद्य आणि धर्मगुरू लॅटिनमध्ये शिकत, भांडत आणि पत्रं लिहीत होते. न्यूटनने गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ १६८७ मध्ये लॅटिनमध्ये छापला. गणितज्ञ गाउसचा संख्या-सिद्धांतावरचा ग्रंथ १८०१ चा, तोही लॅटिनमध्येच. हंगेरीत १८४४ पर्यंत राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती. नव्या वनस्पतीचं नाव अधिकृतपणे नोंदवायचं तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये देण्याची सक्ती २०११ च्या अखेरीपर्यंत होती.

प्राचीन रोमन लेखकांनी लिहिलेलं लॅटिन हा लॅटिनमधल्या एकूण लेखनाचा लहानसा भाग आहे. उरलेलं जवळजवळ सगळं अशा लोकांनी लिहिलं ज्यांनी ही भाषा शिकून घेतली होती. आज लॅटिन बोलणारा माणूस याच परंपरेत बसतो. ‘जिवंत लॅटिन’ म्हणजे लॅटिनला लॅटिनमधूनच समजून घेणं आणि त्यासाठी कान, तोंड, डोळे आणि हात हे सगळं वापरणं.

पण बोलायचं कशाला? मला फक्त वाचायचंय.

वाचायचं असेल तर बोला, असंच मी सांगेन. या सगळ्या खटाटोपाचा मुख्य हेतू वाचन हाच आहे.

संस्कृत शिकलेल्यांना अन्वय लावणं माहीत असतं. आधी कर्ता शोधायचा, मग क्रियापद, मग कर्म, विशेषणं ज्याची त्याला जोडायची आणि शेवटी अर्थ लावायचा. गेली दोन शतकं लॅटिनचे बहुतेक वर्ग याच पद्धतीने चालले आहेत. विद्यार्थी वाक्यात पुढे-मागे उड्या मारतो, पेन्सिलीने बाण काढतो आणि खाली भाषांतर लिहितो. भाषांतर बरोबर येतं, पण वाचन होत नाही. पाच-सहा वर्षं शिकूनही समोरचं पान सरळ वाचत जाता येत नाही, अशी तक्रार फार जुनी आहे आणि ती रास्त आहे.

ऐकताना मागे जाता येत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट कामाची आहे. शब्द ज्या क्रमाने कानावर येतात त्याच क्रमाने त्यांचा अर्थ लावावा लागतो. प्रत्यय ऐकल्याबरोबर कळावा लागतो, कारण तो तपासायला वेळच नसतो. बोलताना त्याहून पुढचं घडतं. षष्ठीचं रूप तक्त्यातून शोधत बसलात तर समोरचा ताटकळतो, म्हणून ते रूप आपोआप तोंडी येईपर्यंत वापरावं लागतं. अशी सवय झालेला माणूस रोमन वक्ता आणि लेखक किकेरोचं सहा ओळींचं वाक्य उघडतो तेव्हा क्रियापद शेवटी येणार आहे हे गृहीत धरून शांतपणे वाचत जातो. त्याला बाण काढावे लागत नाहीत.

अशा वर्गात पहिल्या दिवशी काय होतं?

डॅनिश शिक्षक हान्स ऑर्बर्ग यांच्या ‘लिंग्वा लातिना पेर से इल्लुस्त्राता’ या पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान पाहू. या पुस्तकात एकाही शब्दाचं भाषांतर नाही. आधी एक नकाशा आहे आणि मग ही वाक्यं :

‘रोमा इन इतालिआ एस्त. इतालिआ इन एउरोपा एस्त. ग्राएकिआ इन एउरोपा एस्त. इतालिआ एत ग्राएकिआ इन एउरोपा सुंत.’

रोम इटलीत आहे, इटली युरोपात आहे, ग्रीस युरोपात आहे, इटली आणि ग्रीस युरोपात आहेत. नकाशा समोर असल्यामुळे कोणीही न सांगता हे कळतं. एक देश असताना ‘एस्त’ आणि दोन झाल्यावर ‘सुंत’, हेही नजरेला आपोआप टिपता येतं. आणखी एक गोष्ट त्यात दडलेली आहे. ‘इन’च्या मागून येणाऱ्या ‘इतालिआ’चा शेवटचा स्वर दीर्घ आहे आणि पुस्तकात त्याच्यावर आडवी रेघ असते. वाक्याच्या सुरुवातीच्या ‘इतालिआ’वर ती नसते. म्हणजे पहिल्याच ओळीत विभक्ती येऊन गेली, फक्त तिचं नाव अजून कोणी घेतलेलं नाही.

मग शिक्षक नकाशावर बोट ठेवून विचारतात, ‘उबी एस्त रोमा?’ (रोम कुठे आहे?) वर्ग उत्तर देतो. मग मुद्दाम चुकीचा प्रश्न येतो, ‘नुम रोमा इन ग्राएकिआ एस्त?’ (रोम ग्रीसमध्ये आहे का?) आणि सगळे ‘नोन’ म्हणतात. पंधरा मिनिटांत विद्यार्थी पूर्ण वाक्यात लॅटिन बोलत असतात. काही शिक्षक याआधी हालचालीचे खेळ घेतात. ‘सुर्गे’ म्हटलं की उठायचं, ‘कोन्सीदे’ म्हटलं की बसायचं. मोठ्या माणसांना सुरुवातीला यात संकोच वाटतो, पण पहिल्या तासानंतर तो सहसा उरत नाही.

म्हणजे व्याकरण शिकवतच नाहीत?

शिकवतात, पण क्रम उलटा असतो. आधी रूप गोष्टीत वीस-पंचवीस वेळा भेटतं, मग त्याचं नाव आणि तक्ता येतो. ऑर्बर्ग यांच्या पहिल्या भागात ३५ प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी व्याकरणाचा भाग आहे, तोही लॅटिनमध्येच. पूर्ण भूतकाळ थेट २१ व्या प्रकरणात येतो. पहिल्या अठरा प्रकरणांत तर एका रोमन कुटुंबाची सगळी गोष्ट वर्तमानकाळातच सांगितली जाते, आणि वाचणाऱ्याला ते खटकत नाही.

नियम किती उघडपणे सांगायचे यावर शिक्षकांत मतभेद आहेत. समजेल असं भरपूर ऐकलं-वाचलं की भाषा आत मुरते, हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांचा विचार १९८० च्या दशकापासून भाषाशिक्षणात गाजला आणि जिवंत लॅटिनवाल्यांनी तो उचलून धरला. काही जण त्यापुढे जाऊन तक्ते पूर्णच टाळतात. माझं मत असं की प्रौढ विद्यार्थ्याला तक्ता हवा असतो आणि तो त्याला द्यावा. फक्त त्यातली रूपं त्याने आधी कुठेतरी ऐकलेली असावीत.

उच्चार कुठला खरा? ‘किकेरो’ की ‘सिसेरो’ की ‘चिचेरो’?

दोन परंपरा प्रामुख्याने दिसतात. एक इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासच्या रोमचा उच्चार, जो भाषाशास्त्रज्ञांनी शिलालेखांतल्या चुका, छंदशास्त्र आणि जुन्या वैयाकरणांच्या नोंदींवरून पुन्हा मांडला. त्यात ‘किकेरो’. दुसरा कॅथलिक चर्चचा, इटालियन वळणाचा उच्चार. त्यात ‘चिचेरो’. सीझरचं प्रसिद्ध वाक्य पहिल्यात ‘वेनी, वीदी, वीकी’ होतं आणि दुसऱ्यात ‘वेनी, वीदी, वीची’. ‘सिसेरो’ हे इंग्रजीतून आलं आहे. लॅटिन बोलताना ते बाजूला ठेवावं. पहिल्या दोन्हींपैकी एक निवडा आणि त्यावर टिकून राहा. दोन्हीकडचे लोक एकमेकांना आरामात समजतात.

खरा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा आहे, आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लॅटिनमध्ये स्वराच्या लांबीवर अर्थ ठरतो. ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक, ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र. देवनागरीत इकार-उकाराचा हा फरक लिहूनच दाखवता येतो, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. पण मराठी बोलण्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घच होतो, त्यामुळे कानाला हा फरक जपण्याची सवय नसते. शिवाय ऱ्हस्व आणि दीर्घ ‘आ’ लॅटिनमध्ये वेगळे आहेत आणि त्यांना आपल्याकडे वेगळी चिन्हं नाहीत. म्हणून सुरुवातीपासून दीर्घ स्वरांवर रेघ दाखवणारीच पुस्तकं घ्या आणि प्रत्येक शब्द लांबीसकट पाठ करा.

हे एवढं सांगतो आहे ते कवितेसाठी. लॅटिन काव्य लघू-गुरूंवर चालतं, अगदी आपल्या वृत्तांसारखं. ऱ्हस्व स्वरापुढे दोन व्यंजनं आली की ते अक्षर बहुधा गुरू होतं, हा नियमही तोच. रोमन कवी वेर्गिलिउसच्या ‘एनेइड’ या महाकाव्याची पहिली ओळ घ्या : ‘आर्मा विरुम्क्वे कानो, त्रोयाय क्वी प्रीमुस आब ओरीस’. सुरुवातीची तीन अक्षरं आर्-मा-वि. ‘मा’ इथे ऱ्हस्व आहे, म्हणजे गुरू-लघू-लघू, आपला भ गण. ओळीत असे सहा गण असतात आणि पहिल्या चारांत भ गणाच्या जागी दोन गुरू सर्रास येतात. या ओळीत तिसरा आणि चौथा गण तसे जड आहेत. ‘नो-त्रो’, ‘याय-क्वी’ म्हणताना गती मंदावते आणि ‘प्रीमुस आब’ला पुन्हा धावते. ज्याने शाळेत एखादं वृत्त चालीवर म्हटलंय त्याला हे एकदा ऐकून समजतं. डोळ्यांनी भाषांतर करणाऱ्याला ही ओळ फक्त अर्थापुरती मिळते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठी बोलणाऱ्याला लॅटिन जड जाते का?

काही बाबतींत आपण पुढूनच सुरुवात करतो. तीन लिंगं, विभक्ती, क्रियापद शेवटी, क्रियापदावरूनच कर्ता कळणं, यातलं काहीच मराठी माणसाला परकं नाही. लॅटिनमध्ये द्विवचनही नाही. संस्कृतच्या आठांऐवजी इथे सहा मुख्य विभक्ती आहेत. तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी यांचं काम एकच विभक्ती करते, आणि ती कुठल्या अर्थाने आली हे संदर्भावरून कळून घ्यावं लागतं.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपण ‘तो म्हणतो की मुलगी गाते’ असं म्हणतो. अभिजात लॅटिनमध्ये हा ‘की’ येत नाही. मुलगी द्वितीयेत जाते आणि गाणं ‘गाणे’ अशा मूळ रूपात : ‘दीकित पुएल्लाम कांतारे’. इतिहासकार अशी पानंच्या पानं लिहितात, म्हणून ही रचना बोलून बोलून अंगवळणी पाडावी लागते. रोज कोणी काय म्हणालं ते लॅटिनमध्ये सांगायचं, हा त्यावरचा सर्वांत चांगला सराव.

फोन, संगणक, विमान यांना लॅटिन शब्द आहेत?

आहेत. संगणक ‘कोम्पुतात्रुम’, सायकल ‘बिरोता’, मोटार ‘आउतोकीनेतुम’, इंटरनेट ‘इंतेररेते’. व्हॅटिकनच्या लॅटिन प्रतिष्ठानने १९९० च्या दशकात आधुनिक शब्दांचा दोन खंडांचा कोश काढला. नवे शब्द घडवणाऱ्यांत एकमत नेहमी असतंच असं नाही, आणि एकाच वस्तूला दोन-तीन शब्दही चालतात. रोमनांनी कधीच न पाहिलेल्या झाडा-फळांसाठी वनस्पतिशास्त्रातली नावं उपयोगी पडतात.

नवशिक्यांचं या शब्दांकडे फार लक्ष जातं. थोडी मौज म्हणून ते ठीक आहे. पण सकाळी उठणं, भूक, पाऊस, राग, रस्ता, आईची काळजी हे सगळं प्राचीन शब्दांतच बोलता येतं आणि ग्रंथांत तेच शब्द भेटतात. आधी ते पक्के करा.

विद्वान म्हणतात की असं बोललेलं लॅटिन अशुद्ध असतं. खरंय का?

बरेचदा खरंय. घाईत बोलताना आपल्या भाषेची वाक्यरचना लॅटिन शब्दांत उतरते, आणि गटातले सगळे तसंच बोलू लागले की चूक रूढ होते. यावर उपाय एकच : जितकं बोलाल त्याच्या अनेक पट चांगल्या लेखकांचं वाचा, आणि चुका दाखवणारा जाणकार गटात ठेवा.

हा वाद जुना आहे. डच विद्वान इरॅस्मसने १५२८ मध्ये एक संवाद लिहून, किकेरोने वापरलेल्या शब्दांबाहेर पाऊल न टाकणाऱ्यांची खरडपट्टी काढली. त्याच वर्षी त्याचा लॅटिन-ग्रीकच्या शुद्ध उच्चारावरचा संवादही आला. भाषा शुद्ध हवी आणि ती वापरायलाही हवी, असा त्याचा दुहेरी आग्रह होता. मला तो आजही पटतो. चुकण्याच्या भीतीने गप्प बसलेला विद्यार्थी शुद्ध बोलायला कधीच शिकत नाही.

ही पद्धत कोणी शोधली?

एका कोणी नाही. सोळाव्या शतकातला फ्रेंच लेखक मोंतेन्य सांगतो की त्याच्या वडिलांनी त्याला अजिबात फ्रेंच न येणाऱ्या जर्मन शिक्षकाच्या हाती सोपवलं आणि घरातल्या सगळ्यांनी, नोकरांनीसुद्धा, मुलाशी फक्त लॅटिनमध्ये बोलायचं असा नियम केला. मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत लॅटिन हीच त्याची भाषा होती. मग तो शाळेत गेला आणि तिथे त्याचं लॅटिन बिघडत गेलं. ही हकिकत दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखी आहे : सवयीने भाषा येते आणि सवय तुटली की जाते.

१६५८ मध्ये चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनिउसने चित्रांमधून लॅटिन शिकवणारं पुस्तक काढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या पर्स शाळेत मुख्याध्यापक रौस यांनी लॅटिन आणि ग्रीक बोलून शिकवायला घेतलं. ते तिथे १९०२ ते १९२८ पर्यंत होते. त्यांची मुलं उत्तम तयार होत, पण तशा तोलामोलाचे शिक्षक इतर शाळांना मिळाले नाहीत आणि पद्धत फारशी पसरली नाही. ऑर्बर्ग यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९५५ ची. त्यांनी शिक्षकाचं बरंचसं काम पुस्तकातच बांधून टाकलं, हे त्याच्या यशाचं कारण. रोममध्ये रेजिनाल्ड फॉस्टर या अमेरिकन कार्मेलाइट पाद्रींनी व्हॅटिकनच्या लॅटिन कार्यालयातली नोकरी सांभाळून कित्येक वर्षं उन्हाळी वर्ग घेतले. २०२० मध्ये ते गेले. आज जगभर लॅटिन बोलून शिकवणाऱ्यांपैकी अनेक जण त्यांच्या हाताखालचे आहेत.

आज लॅटिन खरोखर कुठे बोलतात?

रोमजवळ फ्रास्काती इथे व्हिला फाल्कोनिएरीमध्ये ‘विवारिउम नोवुम’ ही अकादमी आहे. तिथे विद्यार्थी राहतात, आणि वर्गात, जेवताना, फिरताना लॅटिन किंवा प्राचीन ग्रीकच बोलतात. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात टेरेन्स टनबर्ग यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं ‘कोन्वेंतिकुलुम’ हे उन्हाळी शिबिर आहे. तिथे येणारा शिबिरभर लॅटिनशिवाय काही बोलणार नाही असं वचन देतो. पहिले दोन दिवस डोकं दुखतं आणि मग तोंड उघडतं, असं जाऊन आलेले सांगतात. जेरुसलेममधली ‘पोलिस’ (Polis) ही संस्थाही प्राचीन भाषा बोलून शिकवते.

फिनलंडच्या सरकारी रेडिओवर १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षं लॅटिनमध्ये साप्ताहिक बातम्या लागत. त्या बंद झाल्या त्याच वर्षी व्हॅटिकन रेडिओने स्वतःचं लॅटिन बातमीपत्र सुरू केलं. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी कार्डिनलांसमोर राजीनामा जाहीर केला, तोही लॅटिनमध्ये. इटालियन वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री यांना ते ऐकताना समजलं आणि ती बातमी जगाला सर्वांत आधी त्यांच्याकडून मिळाली.

माझ्या आसपास लॅटिन बोलणारं कोणीच नाही. काय करू?

इथे मला बरंच सांगायचं आहे, कारण बहुतेकांची हीच स्थिती असते.

ऑर्बर्ग यांचा पहिला भाग घ्या आणि मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं धरू नका. प्रत्येक प्रकरण तीनदा : एकदा गोष्टीसाठी, एकदा ध्वनिमुद्रण ऐकत, आणि एकदा पुस्तक मिटून त्यातली गोष्ट आपल्या शब्दांत सांगत. तिसरी पायरी लोक गाळतात, आणि सगळा फायदा तिच्यातच असतो. स्वतःलाच प्रश्न विचारा : ‘क्विस?’ (कोण?) ‘उबी?’ (कुठे?) ‘कूर?’ (का?) आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्या. रात्री चार ओळींची दैनंदिनी लिहा. आठवड्यातून एकदा ऑनलाइन गटात अर्धा तास बोला. असे गट आणि मोफत व्हिडिओ आता भरपूर आहेत.

पुस्तक सुरुवातीला फार सोपं वाटतं, म्हणून लोक घाई करतात आणि पुढे अडकतात. ‘की’ नसलेली ती रचना ११ व्या प्रकरणात येते, आणि इच्छा-शक्यता दाखवणारी क्रियापदाची रूपं २७ व्यात. या दोन्ही ठिकाणी थांबून मागची पाच प्रकरणं पुन्हा वाचलीत तर पुढचं सुकर होतं. पहिला भाग संपला की लगेच किकेरोवर जाऊ नका. बायबलचं जेरोमने केलेलं लॅटिन भाषांतर, एउत्रोपिउसचा छोटेखानी रोमन इतिहास, इरॅस्मसचे विद्यार्थ्यांसाठीचे संवाद, मग सीझर, असा उतार बरा पडतो.

यांत्रिक भाषांतरावर मात्र विसंबू नका. ते लॅटिनमध्ये आत्मविश्वासाने चुकतं आणि नवशिक्याला ती चूक ओळखू येत नाही.

ऑर्बर्ग यांच्या पुस्तकात गुलामांना मारहाण होते. मुलांना हे कसं शिकवायचं?

लपवू नये. तुस्कुलुमजवळचं ते श्रीमंत घर गुलामांच्या कष्टावर चालतं आणि पुस्तक ते हलक्याफुलक्या सुरात सांगतं. शिक्षकाने तिथे थांबावं. मेदुस नावाचा गुलाम पळून जातो ते कशासाठी, त्याची बाजू काय, हे वर्गाने लॅटिनमध्येच मांडावं. त्यासाठी लागणारी भाषा तोवर मुलांकडे आलेली असते, आणि वर्गातली सर्वांत चांगली चर्चा अनेकदा याच प्रकरणांवर होते.

किती वर्षं लागतात?

रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत साध्या गोष्टी वाचता येतात आणि स्वतःबद्दल बोलता येतं. सीझर अडखळत का होईना वाचायला दीड-दोन वर्षं धरा. रोमन इतिहासकार ताकितुस कसलेल्या वाचकालाही जड जातो. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास जास्त पुढे नेतो.

याने नोकरी मिळते का?

शिक्षक, अभिलेखागारातले अभ्यासक, चर्चमधली काही पदं. बाकी फारसं नाही.

परीक्षेत तर भाषांतरच विचारतात. मग तोटा नाही का होणार?

ज्याला वाक्य वाचताक्षणी कळतं त्याला ते आपल्या भाषेत लिहायला वेळ लागत नाही. मात्र परीक्षेत व्याकरणाच्या संज्ञा विचारतात आणि ठरावीक वळणाचं भाषांतर मागतात, त्याची तयारी वेगळी करावी लागते. परीक्षेआधीचे दोन-तीन महिने जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, आणि त्या काळातही रोज दहा मिनिटं ऐकणं सोडू नका.